केबल ओढणारे, केबल जोडणारे

आपल्या चळवळीचा इतिहास लिहिताना आपण पाणवठा लिहिला, देऊळ लिहिले, वतन आणि गावकी लिहिली, मुंबईची चाळ आणि गिरणी लिहिली. ते लिहिणे आवश्यकच होते. पण गेल्या शंभर वर्षांत ज्या एका वस्तूवर कोणत्याही स्मृतीने, पुराणाने वा गावकीने कोणाचा हक्क आधी लिहून ठेवलेला नव्हता, त्या वस्तूविषयी आपल्या लेखनात फारसे काही सापडत नाही. ती वस्तू म्हणजे विजेची तार. सुताराची वाकस, लोहाराचा भाता, चांभाराची रापी यांच्या मागे बलुत्याची परंपरा उभी होती. तारेच्या मागे कोणती परंपरा होती? ती आली तीच मुळी साहेबाच्या बोटीतून, लाकडी रिळावर गुंडाळलेली. तिला विटाळ ठाऊक नव्हता. उघड्या तारेला ब्राह्मणाने हात लावला काय आणि महाराने लावला काय, झटका सारखाच बसतो. मग असा हा कोरा धंदा या देशात आला तेव्हा त्यात आपल्या माणसाला कोणती जागा मिळाली, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. मी स्वतः वीजतंत्री. पुढे पस्तीस वर्षे हाच धंदा मुलांना शिकविला. म्हणून हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही.

प्रश्न मी मुद्दाम जमिनीखालच्या कामापुरता घेतो. जमिनीवर वीज ही सोय असते. जमिनीखाली ती श्वास असते. वारा आत ढकलणारा पंखा, झिरपणारे पाणी उपसणारा पंप, पाळणा वर ओढणारे यंत्र, डोळ्यांपुढचा दिवा, सगळे तिच्यावर. ती गेली तर माणूस अंधारात, पाण्यात आणि कोंदट हवेत एकाच वेळी सापडतो. आणि तिथेच श्रमाची उतरंड सर्वांत उघडी दिसते.

रत्नागिरी जिल्ह्यात कोळसा नाही. जिल्ह्याची मुंबई-गोव्याकडची वाट जांभ्या दगडाची, खाणी म्हणाव्या तर उघड्या चिऱ्याच्या. रेडीचे लोखंड होते ते १९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा झाल्यावर तिकडे गेले. तरीसुद्धा महाराष्ट्रातील जमिनीखालच्या वीजकामाचा फार मोठा धडा या जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातील पोफळी येथे, सह्याद्रीच्या पोटात लिहिला गेला. कोयनेचे पाणी खरे म्हणजे पूर्वेला कृष्णेकडे जाणारे. साताऱ्याच्या बाजूला धरण बांधून ते अडवायचे, बोगद्याने सह्याद्री फोडून पश्चिमेला आणायचे, सुमारे पावणेपाचशे मीटर खाली सोडायचे आणि वीज काढून वाशिष्ठीत द्यायचे, अशी ती योजना. १९५४ साली काम सुरू झाले आणि १९६२ साली पहिली यंत्रे फिरू लागली. पहिल्या दोन टप्प्यांची आठही यंत्रे एकाच भुयारी वीजगृहात बसविलेली आहेत. पाण्याच्या धारेने पेल्टन चाक फिरते, त्याच्यावरच्या उभ्या दांड्यावर जनित्र फिरते. तिसरा टप्पा कोळकेवाडीचा, १९७० च्या दशकातला. चौथा पुन्हा भुयारातला, प्रत्येकी २५० मेगावॉटच्या चार यंत्रांचा, या शतकाच्या उंबरठ्यावरचा.

माझे चुलते पोफळीच्या बोगद्यावर होते. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. दर पावसाळ्यात त्यांचा खोकला वाढे आणि मग त्यांना झोप येत नसे. तेव्हा ते बोलत. त्यांच्याकडून मी ऐकले ते असे: जॅकहॅमरने भोके पाडायची, त्यांत जिलेटिन भरायचे, माणसे मागे घ्यायची, बार उडवायचा, धूर निवेपर्यंत थांबायचे, मग फुटलेला दगड भरून बाहेर न्यायचा. काळा पाषाण. एका बाराला बोगदा किती पुढे सरकायचा तर दोन-तीन पावले. आबांचे काम दगड भरण्याचे. भरणाऱ्यांच्या टोळीत कोकणातली, घाटावरची, तेलंगणातली, कर्नाटकातली माणसे असत. कोण कोठला हे बोलण्यावरून कळे; कोण कोण आहे हे जेवताना कळे.

बोगद्यात वीज कशी जाते हे वाचकांतील बहुतेकांना ठाऊक नसणार, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. पहिली अडचण दगडाचीच. वीजकामात अर्थिंग हा जिवाचा आधार. कुठे तार उघडी पडली, यंत्राच्या अंगात करंट उतरला, तर तो माणसातून न जाता जमिनीत जावा म्हणून यंत्राचे अंग जमिनीला बांधून ठेवायचे. पण काळा सुका पाषाण वीज नीट वाहू देत नाही. पत्रा खडकात पुरला तरी अर्थिंग मिळत नाही. म्हणून बाहेर, ओढ्याकाठच्या ओल्या मातीत पत्रे पुरायचे आणि तिथून जाड पट्टी थेट आतपर्यंत न्यायची. ही पट्टी वाटेत एका जागी तुटली तर आतले सगळे संरक्षण फक्त दिसायला उरते. दुसरी अडचण बाराची. सुरुंगाची दारू विजेच्या ठिणगीने उडते. म्हणून भोके भरण्याआधी दिव्यांच्या आणि यंत्रांच्या तारा तोंडापासून मागे ओढून घ्याव्या लागतात, आणि बार झाला की पुन्हा पुढे न्याव्या लागतात. दर पाळीला हेच. तिसरी अडचण ओल. सह्याद्रीच्या पोटात पावसाळाभर पाणी ठिबकते. जनित्राच्या वेटोळ्यांवरचे आवरण ही ओल पिते. तशा स्थितीत एकदम दाब दिला तर लाखो रुपयांचे यंत्र क्षणात जळते. म्हणून आधी मेगरने रोधन मोजायचे, कमी दाबाची वीज सोडून वेटोळी दिवसेंदिवस सुकवायची, पुन्हा मोजायचे. बाळंतिणीला शेक द्यावा तसे ते काम.

मग कायमची उभारणी. भुयारी वीजगृहात सर्वांत आधी डोक्यावरची मोठी क्रेन उभी करतात, कारण पुढची प्रत्येक जड वस्तू तिनेच उचलायची असते. जनित्र अखंड येत नाही; बोगद्याच्या तोंडातून मावेल अशा तुकड्यांत येते आणि आत जोडले जाते. आणि शेवटी मापयंत्रे: पाण्याचा दाब, तेलाचा दाब, बेअरिंगचे तापमान, चाकाचा वेग. बेअरिंग एका मर्यादेपलीकडे तापले तर यंत्र आपोआप थांबते. मुलांना हे शिकविताना माझ्या मनात नेहमी एक तुलना येई. त्या भुयारात प्रत्येक बेअरिंगला ताप मोजणारी नळी होती. आबांचा ताप मोजायला कोण होते?

पण मला सांगायची आहे ती गोष्ट केबलची. त्या काळी जड दाबाची केबल म्हणजे तांब्याच्या तारा, त्यांवर तेल पाजलेला कागद, त्यावर शिशाचे आवरण, त्यावर पोलादी पट्टी. वजन असे की शंभर हात लांबी ओढायलाही टोळी लागे. रुळावरून ती ओढायची. मुकादम हाळी देणार, तीस-चाळीस माणसे एका दमाने जोर लावणार. ओढताना ती वाजवीपेक्षा जास्त वाकता कामा नये, नाहीतर आतला कागद फाटतो, म्हणजे नुसत्या बळाचेही काम नव्हे. अंदाज लागतो, हाताला शहाणपण लागते. केबल जागेवर गेली की टोळी बाजूला होते. मग येतो जॉइंटर. तो शिसे सोलतो, कागदाचे थर एकेक उलगडतो, तारा जोडतो, पुन्हा कागद गुंडाळतो, शिशाची बाही चढवतो, वितळलेले शिसे कापडाने पुसत सांधा बंद करतो, आत गरम राळ ओततो. ओढणारे चाळीस, जोडणारा एक. ओढणाऱ्याला रोज मिळतो, जोडणाऱ्याला पगार. ओढणाऱ्याचे नाव हजेरीपत्रकात असते, जोडणाऱ्याचे सांध्याच्या नोंदवहीत. काम संपल्यावर हजेरीपत्रक रद्दीत जाते. नोंदवही वीजगृह असेपर्यंत जपतात.

हा एक कोण असे आणि ते चाळीस कोण असत, हे मी ज्या ज्या ठिकाणी पाहिले त्या ठिकाणांची नावे येथे लिहीत नाही. एवढेच सांगतो की १९७० च्या दशकाच्या शेवटी विदर्भातील एका भुयारी कोळसाखाणीत एका ठेकेदाराकडे मी कामाला लागलो तेव्हा माझ्याजवळ वीजतंत्रीचे प्रमाणपत्र आणि परवाना दोन्ही होते. पहिले आठ महिने मी केबल ओढली. माझ्या नंतर आलेला, प्रमाणपत्र नसलेला, मुकादमाच्या गावचा मुलगा दुसऱ्या आठवड्यापासून जॉइंटरच्या हाताखाली बसला. कोणी मला जातीवरून शिवी दिली नाही. कोणी काही बोललेच नाही. ‘त्याला हातोटी आहे’ एवढेच एकदा ऐकू आले. हातोटी ही हाताखाली बसल्याशिवाय येत नाही, आणि हाताखाली कोणाला बसू द्यायचे हे हातोटी पाहून ठरते! नव्या धंद्यात जातीने शिरण्याची वाट मला तिथे दिसली. तिला धर्मशास्त्राचा आधार लागला नाही. उमेदवारीचा आधार पुरला.

ही गोष्ट नवी नव्हती. मुंबईच्या कापडगिरण्यांत आपला माणूस विणाई खात्यात नको होता. का, तर धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि उष्ट्या धोट्याला विटाळ होई. विणाई खात्याचा पगार जास्त, हे त्या विटाळामागचे खरे अर्थशास्त्र. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला आणि अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क मान्य करा, नाहीतर त्यांना संपात सामील होऊ नका असे सांगावे लागेल, अशी स्पष्ट भूमिका घेतली. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या कामगारांच्या दोन शत्रूंची मांडणी केली ती प्रसिद्धच आहे. पण त्याच भाषणातील तपशिलाकडे आपले लक्ष कमी जाते. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून आयुष्य काढतो आणि वरच्या जागा त्याला बंद राहतात, हे त्यांनी खात्याखात्याच्या अंगाने सांगितले. म्हणजे धोटा तोंडाला लावावा लागतो म्हणून बंदी, हे निमित्त होते. रेल्वेच्या पान्ह्याला कोणी तोंड लावत नव्हते, तरी पाना मिळत नव्हताच.

विजेच्या बाबतीत याच काळात आपल्या देशात सर्वांत बोलका दाखला कोलारच्या सोन्याच्या खाणींचा आहे. १९०२ साली शिवनसमुद्रच्या धबधब्यावर तयार केलेली वीज सुमारे १४७ किलोमीटर लांबीच्या तारेवरून कोलारला नेली गेली. बंगलोर शहरात विजेचे दिवे लागले ते १९०५ मध्ये. म्हणजे राज्याच्या मोठ्या शहराच्या आधी वीज भुयाराला मिळाली, कारण भुयारात सोने होते. या खाणींत खाली उतरणारा कामगार मुख्यतः तमिळ मुलखातून आलेला अस्पृश्य, पुढे स्वतःला आदिद्रविड म्हणवणारा. देखरेख आणि यंत्रांवरच्या वरच्या जागा युरोपियनांकडे आणि अँग्लो-इंडियनांकडे. याच कामगारांत, कोलारच्या मारिकुप्पम येथे, पंडित अयोथीदास यांच्या बौद्ध संघाची शाखा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभी राहिली. नागपूरच्या दीक्षाभूमीच्या जवळजवळ पन्नास वर्षे आधी! गाव सोडून जमिनीखाली उतरलेल्या माणसाने गावाचा धर्मही खाली ठेवला, हे आपल्याकडील इतिहासलेखनात अजून नीट आलेले नाही. कोलारच्या खाणी २००१ साली बंद झाल्या.

आपल्या मुलखातही भुयारी खाण जुनी आहे. चांदा जिल्ह्यात वरोऱ्याची सरकारी कोळसाखाण १८७१ पासून १९०६ पर्यंत चालली. पुढे बल्लारपूर, राजूर, नागपूरजवळचे कामठी क्षेत्र. नागपूर-भंडाऱ्याकडे मँगनीज. या खाणींनी महार, गोंड आणि छत्तीसगडची माणसे ओढून घेतली. कोळसाखाणीतील वीजकाम बोगद्यापेक्षाही अवघड, कारण तिथे वायू असतो. मिथेन हवेत ठराविक प्रमाणात मिसळला की एक ठिणगी पुरते. ती ठिणगी किती लहान असू शकते याचा धडा जगाने फार महाग घेतला. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधील सेंगेनिड खाणीत स्फोट होऊन ४३९ खाणकामगार मेले. संशय गेला तो इशाऱ्याच्या विजेच्या घंटेवर: दोन उघड्या तारा एकमेकींना टेकवल्या की वर घंटा वाजे, आणि टेकताना बारीक ठिणगी पडे. या घंटेच्या अभ्यासातूनच पुढे एक नवा विचार जन्मला. यंत्राला जाड लोखंडी पेटीत बंद करून ठिणगी आत कोंडणे हा एक मार्ग. पण त्याहून मूलगामी मार्ग असा की तारेत मुळी एवढीच शक्ती ठेवायची की ठिणगी पडली तरी वायू पेटणार नाही. मुळातच निर्धोक मंडल. भारतीय वीज नियम, १९५६ मध्ये खाणींसाठी वेगळे प्रकरण होते. हातातला दिवा ३० व्होल्टच्या वर नको, हवेत ज्वालाग्राही वायू सव्वा टक्क्याच्या वर गेला की त्या भागाची वीज तोडलीच पाहिजे, असे ते नियम. नियम चांगले होते. पण वायू मोजणारे यंत्र ज्याच्या हातात, वीज तोडण्याचा अधिकारही त्याच्याच हातात. भरणाऱ्याने नुसते कापत राहायचे. १९५८ मध्ये चिनाकुरीला १७६ माणसे, १९६५ मध्ये धोरीला २६८ माणसे स्फोटात गेली. हे आकडे मी वर्गात फळ्यावर लिहीत असे. मुले विचारीत, ‘सर, यांत वीजतंत्री किती होते?’ मुलांचा प्रश्न बरोबरच असे; आपण शिकतो त्या धंद्याचा माणूस मरणाऱ्यांत किती, हे त्यांना जाणून घ्यायचे असे.

येथे बाबासाहेबांच्या मजूरमंत्रिपदाकडे वळले पाहिजे. जुलै १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांच्याकडे मजूर खाते होते, आणि त्या खात्यात मजुरांबरोबरच खाणी, पाटबंधारे आणि वीज हे विषय होते, हे आपण विसरतो. भीमजयंतीच्या भाषणांत घटनाकार बाबासाहेब येतात, खाणीत उतरलेले बाबासाहेब क्वचित येतात. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबाद भागातील कोळसाखाणींना भेट दिली आणि स्वतः खाली उतरून काम पाहिले. आंबडव्याच्या सकपाळ घराण्यातला, म्हणजे आपल्या मंडणगड तालुक्याचा, माणूस सरकारचा मंत्री म्हणून खाणीत उतरतो, आणि खाली कोळसा भरणारी माणसे म्हणजे त्याच्याच वर्गाची आणि आदिवासी! १९४४ मध्ये कोळसाखाण कामगारांसाठी कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला.

याच काळातील एक गोष्ट आपल्या बाजूचे लेखक टाळतात, ती टाळू नये असे मला वाटते. स्त्रियांना खाणीत खाली उतरविण्यावर १९३७ पासून बंदी होती. युद्धात कोळसा कमी पडला म्हणून १९४३ मध्ये सरकारने ती उठविली आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये कायदेमंडळात त्यावर टीका झाली तेव्हा उत्तर द्यायला बाबासाहेबांनाच उभे राहावे लागले. त्यांनी ही युद्धकाळाची तात्पुरती निकड म्हणून मांडली आणि खाली काम करणाऱ्या स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल या अटीवर भर दिला. १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली. सरकारात बसल्यावर माणसाला कोणत्या कात्रीत सापडावे लागते हे यातून दिसते. पण त्याच कात्रीत त्यांनी समान वेतनाचे तत्त्व खाणीसारख्या ठिकाणी आणले, हेही दिसते. स्त्रियांच्या श्रमाला जमिनीखाली दर लागला तो तेव्हा.

विजेविषयी त्यांची भूमिका सरळ होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये युद्धोत्तर पुनर्रचनेच्या धोरणसमितीपुढे त्यांनी मांडले की दारिद्र्यातून सुटायचे तर उद्योग हवेत, उद्योग हवेत तर स्वस्त आणि मुबलक वीज हवी, आणि ती खाजगी नफ्याच्या हिशेबावर सोडता येणार नाही. केंद्रीय पातळीवर वीजनियोजनाची तांत्रिक यंत्रणा त्यांच्या खात्यात उभी राहिली, दामोदर खोऱ्याच्या योजनेची बोलणी त्यांच्याच काळात झाली. तंत्रशिक्षणाची युद्धकालीन योजना त्यांच्याच खात्याकडे होती. ऑगस्ट १९४३ मध्ये सरकारी नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८⅓ टक्के जागा ठेवण्याचा निर्णय झाला. या सगळ्या गोष्टी सुट्या सुट्या वाचल्या तर कारभार वाटतात. एकत्र वाचल्या तर त्यामागची योजना दिसते. वीज सरकारची, कारखाना सरकारचा, शिक्षण सरकारचे आणि जागा राखीव. म्हणजे जॉइंटरच्या हाताखाली कोणी बसायचे हे मुकादमाने ठरवायचे नाही.

ही योजना कागदावरून माणसापर्यंत यायला वेळ लागला. १९५० पासून कारागीर प्रशिक्षणाची योजना आली, औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या. वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी, कातारी, संधाता: ही नवी नावे आपल्या वाड्यांत शिरली. माझ्या बौद्धवाडीत पहिला वीजतंत्री झाला तेव्हा आमच्या वाडीत वीज नव्हती. पोफळीची वीज उंच मनोऱ्यांवरून मुंबईकडे जात होती, आम्ही तिच्या खाली रॉकेलच्या चिमणीवर अभ्यास करीत होतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, कोयनेच्या खोऱ्यात पावणेदोनशेच्या आसपास माणसे मेली, वीजगृह बंद पडले, मुंबईचा पुरवठा तुटला. तेव्हा मी लहान होतो. मोठी माणसे अंगणात बसून मुंबईच्या गिरण्या थांबल्या म्हणून काळजी करीत होती. कारण घरटी एक माणूस गिरणीत. आमच्याच डोंगरातली वीज आम्हाला मुंबईच्या मनिऑर्डरीतून पोचत होती, असे म्हटले तरी चालेल.

पण सर्वांत मोठा घोटाळा निराळाच होता. १९५६ मध्ये आपण धम्म स्वीकारला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जात ही हिंदू धर्माशी बांधलेली. त्यामुळे बौद्ध झालेला माणूस केंद्राच्या दृष्टीने अनुसूचित जातीचा राहिला नाही. महाराष्ट्र सरकारने १९६० मध्ये आपल्यापुरत्या सवलती चालू ठेवल्या. केंद्राने १९९० पर्यंत दिल्या नाहीत. आता हे खाणीवर लावून पाहा. १९७३ मध्ये कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. चांदा-नागपूरच्या खाणी केंद्राच्या कंपनीकडे गेल्या. राखीव जागा निघू लागल्या. राज्याच्या प्रशिक्षण संस्थेत ज्या मुलाला नवबौद्ध म्हणून प्रवेश मिळाला, तोच मुलगा केंद्राच्या खाणीत अर्ज करायला गेला की खुल्या गटातला. त्याला दोनच वाटा: धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहून जागा सोडायची, किंवा ‘हिंदू महार’ लिहून जागा घ्यायची. माझ्या बरोबरीच्या कित्येकांनी दुसरी वाट धरली. त्यांना दोष देणाऱ्यांनी घरातली चूल पाहिली नव्हती. मी पहिली धरली आणि शिक्षकाच्या नोकरीकडे वळलो, तेही राज्याची नोकरी होती म्हणून जमले. पण ज्या चौतीस वर्षांत देशातील सरकारी खाणी, वीजगृहे, पोलाद कारखाने उभे राहिले, नेमक्या त्याच चौतीस वर्षांत महाराष्ट्रातील सर्वांत शिकलेला दलित समूह केंद्राच्या दारात रिकाम्या हाताने उभा होता. आरक्षणाने आपल्याला सर्व काही दिले असे म्हणणाऱ्यांना ही चौतीस वर्षे दाखवावीत.

आणखी एक बाब कायद्याची आहे, तिच्याकडे कार्यकर्त्यांनी लक्ष द्यावे. १९५२ च्या खाण कायद्याने खाणकामगाराला कामाचे तास, हवा, वैद्यकीय तपासणी, निरीक्षक असे काही दिले होते. पण खाण कशाला म्हणायचे? खनिज शोधण्यासाठी वा काढण्यासाठी केलेले खोदकाम म्हणजे खाण. धरणाचा, रेल्वेचा बोगदा हा खनिजासाठी नसतो. दगड वाटेत येतो म्हणून काढलेला असतो. म्हणून तो खाण नव्हे. तोच अंधार, तीच धूळ, तेच जिलेटिन, पण आबा खाणकामगार नव्हते. बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र कायदा आला १९९६ मध्ये. तोपर्यंत पोफळीचे पहिले तिन्ही टप्पे होऊन गेले होते आणि कोकण रेल्वेचे बहुतेक बोगदे खोदून होत आले होते. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा त्यांतलाच. १९९८ मध्ये गाडी सुरू झाली तेव्हा तो देशातील सर्वांत लांब रेल्वे बोगदा होता. त्यातून गाडीने जाताना आपल्याला काही मिनिटे अंधार दिसतो. आत हवा खेळती ठेवण्यासाठी मोठे पंखे बसवावे लागले. ते बसविणाऱ्यांत माझे काही विद्यार्थी होते, ठेकेदाराच्या हाताखालच्या ठेकेदाराकडे.

कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी शिवाजीसागर जलाशयाच्या तळाला खालून बोगद्यातून छिद्र पाडले गेले, नॉर्वेतील पद्धतीने. धरण रिकामे न करता शेवटचा खडक सुरुंगाने उडवायचा आणि पाणी बोगद्यात घ्यायचे. २०१२ मध्ये पुन्हा एकदा तसेच केले. वर्तमानपत्रांनी अभियंत्यांचे कौतुक केले, ते योग्यच होते. त्या शेवटच्या खडकापर्यंतचा बोगदा कोणी खणला याची बातमी कोणी दिली नाही. सुदैवाने अशा कामांची हजेरीपत्रके, परवाने, ठेकेदारांचे करारनामे अद्याप काही घरांत, काही कपाटांत आहेत. अलोरे, शिरगाव, पोफळी येथील निवृत्त माणसे अजून बोलू शकतात. आबा गेले, त्यांच्या पाळीतले दोघे आहेत. विद्यापीठातील मुलांनी प्रबंधासाठी दलित आत्मकथनांवर पन्नासावा लेख लिहिण्यापेक्षा वही घेऊन एक उन्हाळा तिथे काढावा. कोणत्या टोळीत कोण होते, मुकादम कोठला, जॉइंटर कोठला, परवाना कोणाला कधी मिळाला, एवढेच चार प्रश्न विचारावेत.

१९९० च्या कायदादुरुस्तीनंतर माझ्या एका तुकडीतील तिघे केंद्राच्या कोळसाखाणीत वीजतंत्री म्हणून लागले, धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहून. त्यांतला एक दापोली तालुक्यातल्या बौद्धवाडीचा. पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत तो मला भेटायला आला तेव्हा हाताच्या दोन बोटांना शिशाने भाजल्याच्या खुणा होत्या. ‘सर, सांध्यावर बसवलं मला,’ म्हणाला. मी त्याला मलम कोणते लावतोस ते विचारले आणि शिसे पुसताना कापडाला चरबी कमी लावत असशील, असे सांगितले.